घरपट्टीचा बंद रकाना

घर भाड्याने दिलेल्या माणसाला विवरणपत्र भरताना एक अडचण हमखास येते. महापालिकेला भरलेली घरपट्टी भाड्याच्या उत्पन्नातून वजा मिळते, हे त्याला माहीत असते. पावतीही हातात असते. पडद्यावर मात्र ‘स्थानिक प्राधिकरणांना भरलेला कर’ हा रकाना करडा पडलेला असतो. कधी त्यात आकडा घालता येत नाही, तर कधी आधीच बसलेला आकडा पुसता येत नाही. मुदत जवळ आलेली असते, सीएच्या कार्यालयात गर्दी असते आणि मग दोनपैकी एक वाट धरली जाते: वजावट सोडून देणे किंवा तो आकडा भलत्याच रकान्यात कोंबणे. पहिल्या वाटेने हक्काचे पैसे जातात, दुसरीने नोटीस येऊ शकते.

रकाना बंद असण्याची कारणे मोजकी आहेत. काही रकाने कायदा बंद ठेवतो, काही गणित, काही आयात झालेली माहिती, काही निवडलेला फॉर्म आणि काही सॉफ्टवेअरमधला खराखुरा दोष. प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी कारण ओळखावे, मग आकड्याला हात लावावा.

वजावट कशातून मिळते

१९६१ च्या आयकर कायद्यात घरपट्टीची वजावट कलम २३ मध्ये आहे. घराचे वार्षिक मूल्य काढतानाच ती वजा होते. त्यासाठी दोन अटी आहेत. कर स्थानिक प्राधिकरणाने लावलेला असावा आणि तो त्या आर्थिक वर्षात मालकाने प्रत्यक्ष भरलेला असावा. बिल कोणत्या वर्षाचे, याला महत्त्व नाही. तीन वर्षांची थकबाकी यंदा भरली, तर ती सगळी यंदाच वजा होते. यंदाचे बिल पुढच्या एप्रिलमध्ये भरले, तर वजावटही पुढच्या वर्षी. भाडेकरूने परस्पर भरलेली घरपट्टी मालकाला वजा मिळत नाही.

घरपट्टी वजा झाल्यावर उरते ते वार्षिक मूल्य. त्यावर कलम २४ नुसार सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग गृहकर्जाचे व्याज. एक उदाहरण घेऊ. महिना २५,००० रुपये भाडे, म्हणजे वर्षाला ३,००,००० रुपये. घरपट्टी भरली १८,००० रुपये. वार्षिक मूल्य २,८२,००० रुपये, त्याचे ३० टक्के ८४,६०० रुपये, आणि करपात्र उत्पन्न १,९७,४०० रुपये. घरपट्टी दाखवलीच नाही, तर हेच उत्पन्न २,१०,००० रुपये होते. म्हणजे १८,००० रुपयांच्या पावतीने उत्पन्न १२,६०० रुपयांनी घटते. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह सुमारे ३,९३० रुपये कर वाचतो. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण तो दर वर्षी वाचू शकतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. ३० टक्के वजावट घरपट्टी वजा केल्यानंतरच्या रकमेवर मोजायची, हे त्यात स्पष्ट असावे असा आग्रह लोकसभेच्या प्रवर समितीने धरला होता. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू आहे, म्हणून पुढची कलमे त्याच कायद्याची आहेत.

कायद्याने बंद

रकाना बंद दिसण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे घराचा प्रकार. ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ हा पर्याय निवडला की कलम २३(२) प्रमाणे त्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते. शून्यातून काही वजा होत नाही. त्यामुळे भाड्याचा आणि घरपट्टीचा रकाना बंद राहतो, आणि तो बंद राहणेच बरोबर आहे. आकारणी वर्ष २०२०-२१ पासून अशी दोन घरे शून्य मूल्याने दाखवता येतात. राहत्या घराची घरपट्टी पगारदाराला कुठेच वजा मिळत नाही. कलम ८०सी मध्ये मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च येतो, घरपट्टी येत नाही. तरीही अनेक जण ती तिथे टाकतात.

प्रकारच चुकीचा निवडला गेला असेल, तर गोष्ट वेगळी. एप्रिल ते ऑक्टोबर घर भाड्याने होते, नोव्हेंबरपासून मालक स्वतः राहायला आला. मार्चअखेरीस तो त्या घरात राहतो म्हणून विवरणपत्रात ‘स्वतःच्या राहण्यासाठी’ निवडतो आणि घरपट्टी अडते. कलम २३(३) सांगते की वर्षातला काही काळ जरी घर भाड्याने दिलेले असेल, तरी शून्य मूल्याची सवलत मिळत नाही. त्या वर्षापुरते ते भाड्याचे घर. प्रकार बदलला की रकाना उघडतो आणि वर्षभरात भरलेली पूर्ण घरपट्टी त्यात बसते.

तिसऱ्या घराची स्थिती निराळी आहे. दोन घरे शून्य मूल्याची धरल्यावर तिसरे रिकामे असले तरी कायदा ते भाड्याने दिल्यासारखेच धरतो. तिथे अपेक्षित भाडे दाखवावे लागते आणि घरपट्टीही वजा मिळते. गावाकडचे वडिलोपार्जित घर, पुण्यातला राहता फ्लॅट आणि मुलासाठी घेऊन ठेवलेला तिसरा फ्लॅट अशी मालकी असलेल्यांनी हा पर्याय तपासायलाच हवा.

नव्या करप्रणालीबद्दलही एक गैरसमज पसरलेला आहे. तीत बहुतेक वजावटी गेल्या म्हणून घरपट्टीही गेली, असे लोक धरून चालतात. भाड्याच्या घराची घरपट्टी आणि ३० टक्के वजावट दोन्ही प्रणालींत मिळते. नव्या प्रणालीत गेले ते राहत्या घराच्या कर्जावरचे व्याज. प्रणाली बदलल्यावर व्याजाचा रकाना मिटला, म्हणून घरपट्टी सोडून देऊ नये.

गणिताने बंद

वार्षिक मूल्य, आपल्या हिश्श्याचे मूल्य आणि ३० टक्के वजावट हे रकाने सॉफ्टवेअर स्वतः भरते. तिथला आकडा पटला नाही तर त्याच्याशी झगडू नये. तो ज्या रकान्यांतून तयार होतो, तिथे जावे.

सर्वाधिक घोळ संयुक्त मालकीत होतो. आयटीआर-२ मध्ये आधी पूर्ण घराचे भाडे आणि पूर्ण घरपट्टी लिहायची असते. त्यातून घराचे वार्षिक मूल्य निघते आणि मग सॉफ्टवेअर त्याला आपल्या टक्केवारीने गुणते. पती-पत्नींचा निम्मा-निम्मा हिस्सा असेल, तर वरच्या उदाहरणातल्या २,८२,००० रुपयांचे प्रत्येकी १,४१,००० रुपये होतात आणि ३० टक्के वजा जाता प्रत्येकी ९८,७०० रुपये उरतात. अनेक जण मात्र भाडे आणि घरपट्टी आधीच निम्मी करून लिहितात. सॉफ्टवेअर पुन्हा निम्मे करते आणि उत्पन्न ४९,३५० रुपयांवर येते. मग हिश्श्याचा बंद रकाना चुकीचा वाटतो. खरी चूक वरच्या दोन रकान्यांत असते, आणि ती उत्पन्न कमी दाखवणारी असते. कलम २७०ए खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड लागू शकतो. चुकीची माहिती देऊन ते कमी दाखवले, तर २०० टक्के. व्याजाचा आकडा मात्र आपल्या हिश्श्याचाच लिहायचा असतो. एकाच तक्त्यात दोन नियम शेजारी बसले आहेत, म्हणून ही चूक टिकून आहे.

विभागाच्या पडताळणी नियमांचेही भान ठेवावे लागते. भाड्याचा रकाना शून्य किंवा रिकामा असेल, तर घरपट्टी स्वीकारली जात नाही. सहमालकांच्या हिश्श्यांची बेरीज १०० टक्के भरावी लागते. म्हणून क्रम पाळावा: घराचा प्रकार, मालकी, भाडे आणि मग घरपट्टी.

आयात झालेला आकडा

आयकर विभागाचे नवे पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आले. तेव्हापासून विवरणपत्र बरेचसे भरूनच समोर येते. भाडेकरूने कापलेल्या टीडीएसवरून भाडे, फॉर्म १६ वरून घरमालकाने आपल्या कार्यालयात कळवलेले घराचे उत्पन्न किंवा तोटा, आणि मागच्या विवरणपत्रावरून घराचा तपशील येऊ शकतो. दरमहा ५०,००० रुपयांहून जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीला कलम १९४आयबी खाली टीडीएस कापावा लागतो. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला.

घरपट्टीची नोंद मात्र टीडीएसमधून येऊ शकत नाही, कारण भाडेकरूला ती ठाऊकच नसते. त्यामुळे भरून आलेल्या विवरणपत्रात भाडे पूर्ण आणि घरपट्टी कोरी, असे चित्र अनेकदा दिसते आणि लोक तेच अंतिम मानतात. आयात आकडे ही विभागाकडची माहिती आहे. विवरणपत्रावर सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. भाड्याची माहिती चुकीची असेल, तर एआयएसमध्ये त्या नोंदीवर हरकत नोंदवता येते. एकाच भाड्याची नोंद दोनदा आली असेल किंवा सहमालकाचे भाडे आपल्या नावावर लागले असेल, तर हरकत नोंदवावीच.

फॉर्म १६ मधला आकडा निव्वळ असतो. मालकाने कार्यालयात कळवलेल्या तोट्यात घरपट्टी धरली होती की नाही, हे त्यावरून दिसत नाही. तो आकडा ओढूनताणून जुळवत बसण्यापेक्षा घराचा तक्ता मुळापासून भरावा आणि येणारे उत्तर खरे मानावे.

फॉर्मच वेगळा असेल तर

कधी कधी रकानाच सापडत नाही, कारण फॉर्म चुकलेला असतो. आकारणी वर्ष २०२५-२६ च्या आयटीआर-१ मध्ये एकच घर दाखवता येत होते. दुसऱ्या घराच्या घरपट्टीसाठी आयटीआर-२ कडे जाणे भाग होते.

व्यवसायाच्या जागेचा प्रश्न आणखी निराळा आहे. दुकान किंवा दवाखाना स्वतःच्या मालकीच्या जागेत असेल, तर ती जागा घराच्या उत्पन्नाच्या सदरात येत नाही. तिची घरपट्टी व्यवसायाचा खर्च म्हणून कलम ३० खाली जाते आणि कलम ४३बी मुळे ती प्रत्यक्ष भरलेली असावी लागते. पण तोच डॉक्टर कलम ४४एडीए खाली अंदाजित उत्पन्न दाखवत असेल, तर सगळे खर्च अंदाजित उत्पन्नाच्या ठरलेल्या टक्केवारीतच धरले जातात. वेगळी घरपट्टी मागण्याची सोय नाही, म्हणून तिच्यासाठी रकानाही नाही.

खरा दोष असेल तर

वरचे सगळे तपासूनही रकाना उघडत नसेल, तर मग सॉफ्टवेअरकडे बोट दाखवावे. हंगामात विभाग विवरणपत्र भरण्याच्या आपल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे युटिलिटीच्या, नव्या आवृत्त्या काढत राहतो. जुन्या आवृत्तीत सुरू केलेला मसुदा नव्या नियमांशी जुळत नाही. खासगी सॉफ्टवेअरने बनवलेली जेसन फाइल जुन्या साच्याची असेल, तर पोर्टल ती परत करते. एक्सेल युटिलिटीत मॅक्रो सुरू केले नसतील, तर रकान्यांची उघडझाप होतच नाही. दुसऱ्या शीटवरून आकडे चिकटवले, तरी पडताळणी बिघडू शकते.

यावर शिस्तीने पावले टाकावीत. आधी मसुद्याची प्रत जपून ठेवावी. नवी आवृत्ती उतरवून घ्यावी आणि भरून येणारी माहिती पुन्हा आयात करावी. त्या घराची नोंद पूर्ण काढून नव्याने घालावी. बिघडलेली नोंद दुरुस्त करण्यापेक्षा हे सोपे पडते. तरीही जमले नाही, तर तीच माहिती पोर्टलवर ऑनलाइन भरून पाहावी. तिथे रकाना उघडला, तर दोष आपल्या सॉफ्टवेअरचा. तिथेही बंद राहिला, तर कायद्याकडे आणि निवडलेल्या प्रकाराकडे परत जावे. शेवटी पडद्याचे चित्र जोडून तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपावा.

एक्सेलचे संरक्षण तोडणे किंवा जेसन फाइल हाताने बदलणे हे मार्ग टाळावेत. बंद रकान्यात असा घुसवलेला आकडा पोर्टलच्या पडताळणीत अडतो, आणि पुढे गेलाच तर कलम १४३(१) खालच्या प्रक्रियेत उघडा पडतो.

पावतीची बाजू

रकाना उघडल्यावर त्यात काय लिहायचे, हेही महाराष्ट्रात सरळ नसते. मुंबईत अनेक गृहनिर्माण संस्थांना मालमत्ता कराचे बिल साऱ्या इमारतीचे एकत्र येते आणि सभासद आपला वाटा मासिक देखभाल बिलातून देतो. पावती संस्थेच्या नावावर असते. अशा वेळी संस्थेच्या बिलात मालमत्ता कर वेगळा दाखवलेला असावा आणि वर्षाअखेरीस आपल्या वाट्याचा दाखला सचिवांकडून घ्यावा. देखभाल, सिंकिंग फंड, पार्किंग हे काही कर नव्हेत, ते या रकान्यात येत नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट आहे. अशा घरमालकाकडे वजा करायला कर नसेल, तर रकाना शून्यच राहील.

महापालिका थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लावतात. शास्ती हा दंड आहे. तिला कर म्हणून वजावट मागणे धोक्याचे. थकबाकी एकरकमी भरणाऱ्याने पावतीतून कर आणि शास्ती वेगळे काढावेत. सवलत घेऊन भरलेले असेल, तर प्रत्यक्ष भरलेली रक्कमच लिहावी. आपल्या वापरानुसार येणारे पाण्याचे बिलही यात धरू नये. गोव्यातल्या किंवा कोकणातल्या गावी घर असेल, तर ग्रामपंचायतही स्थानिक प्राधिकरणच आहे. तिची घरपट्टी वजा मिळते. परदेशातल्या घराचे भाडे भारतातल्या रहिवाशाला इथे दाखवावे लागते. परदेशी स्थानिक संस्थेचा करही वजावटीस पात्र असल्याचे मद्रास उच्च न्यायालयाने १९६५ च्या निकालात मान्य केले आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथे राहत्या घराचा मालमत्ता करही वजा मिळतो. पण त्यासाठी तिथली सरसकट वजावट सोडून एकेका वजावटीचा तपशील देणारे शेड्यूल ए भरावे लागते. मालमत्ता कर त्याच्या ५बी या ओळीत जातो.

अनेकांचा कर गृहकर्ज देणारी संस्था एस्क्रो खात्यातून भरते आणि वर्षाअखेरीस फॉर्म १०९८ पाठवते. त्याच्या १० क्रमांकाच्या चौकटीत भरलेला कर दाखवलेला असू शकतो. सॉफ्टवेअर तो उचलून ५बी मध्ये टाकते. तिथे तो दुरुस्त करता येत नाही, कारण तो मूळ फॉर्मच्या पानावर राहतो. दुरुस्तीही तिथेच करायची. लोक हे न कळून तोच कर दुसऱ्या पानावर पुन्हा लिहितात आणि तो दुप्पट होतो. घराचा काही भाग भाड्याने असेल, तर त्याचा कर भाड्याच्या उत्पन्नाच्या शेड्यूल ई मध्ये जातो, आणि तेवढा वाटा शेड्यूल ए मधून कमी करावा लागतो.

शेड्यूल ए ची ५ई ही ओळ तर पूर्ण गणिताची. २०१७ च्या कायद्याने राज्य व स्थानिक करांच्या वजावटीवर २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा आली. २०२५ साठी ती ४०,००० डॉलर झाली आणि ५,००,००० डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्यांसाठी ती उतरत जाते. १४,००० डॉलर भरून २०२४ च्या विवरणपत्रात १०,००० च दिसत असतील, तर सॉफ्टवेअर बरोबर आहे. पुण्यातल्या फ्लॅटची घरपट्टी तिथे शेड्यूल ए मध्ये २०१८ पासून चालत नाही. फ्लॅट भाड्याने दिलेला असेल, तर ती शेड्यूल ई मध्ये खर्च म्हणून जाते. जोर लावून आकडा बदलायची सोय काही सॉफ्टवेअर देतात, पण तसे केल्यास ऑनलाइन दाखल करण्यात अडथळा येऊ शकतो.

विवरणपत्र दाखल झाल्यावर

घरपट्टी राहून गेल्याचे उशिरा लक्षात आले, तरी वाट बंद होत नाही. भारतात कलम १३९(५) खाली ठरलेल्या मुदतीत सुधारित विवरणपत्र भरता येते. प्रक्रियेत विभागाकडून नोंदीवरून उघड दिसणारी चूक झाली असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्ती मागता येते. त्यासाठी आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षे मिळतात. पण आपणच न मागितलेली वजावट या दाराने क्वचितच आत येते. कलम १३९(८ए) चे अद्ययावत विवरणपत्र इथे उपयोगी नाही, कारण कर कमी करण्यासाठी किंवा परतावा वाढवण्यासाठी ते भरता येत नाही. म्हणून दाखल करण्याआधीची पाच मिनिटे महत्त्वाची. घरपट्टीचा आकडा, ती भरल्याची तारीख आणि ती कोणी भरली, या तीन गोष्टी पावतीवरून ताडून पाहाव्यात.

काय बदलायला हवे

करदात्याने कायदा समजून घ्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण आज कायदा रकान्याच्या आड बसलेला आहे. रकाना करडा होतो आणि गप्प राहतो. तो कलम २३(२) मुळे बंद आहे, भाडे लिहिलेले नाही म्हणून बंद आहे, की आवृत्ती जुनी आहे म्हणून, हे ओळखण्याचा भार माणसावर पडतो. निवृत्त शिक्षक, एकट्या राहणाऱ्या बाई, पहिल्यांदाच घर भाड्याने दिलेला तरुण, यांच्याकडे प्रत्येक वेळी सीएला विचारण्याइतके पैसे किंवा वेळ नसतो. मग ते वजावट सोडतात आणि ही सोडलेली वजावट कुठे मोजलीही जात नाही.

उपाय अवघड नाही. सॉफ्टवेअर रकाना बंद करते तेव्हा कोणत्या अटीमुळे तो बंद झाला, हे त्याला माहीतच असते. ती अट एका वाक्यात रकान्याशेजारी दिसावी, तीही मराठीसह साऱ्या भारतीय भाषांत: ‘हे घर तुम्ही राहते म्हणून दाखवले आहे, म्हणून घरपट्टी वजा मिळत नाही, घर भाड्याने दिले असेल तर प्रकार बदला.’ संयुक्त मालकीच्या तक्त्यात ‘पूर्ण घराचा आकडा लिहा’ आणि ‘फक्त आपला हिस्सा लिहा’ या सूचना त्या-त्या रकान्यालाच चिकटलेल्या असाव्यात. आयात आकड्यावर तो कुठून आला हे लिहिलेले असावे आणि तिथे नेणारा दुवा असावा. महापालिकांनी पावतीवर कर, शास्ती आणि सवलत वेगवेगळ्या ओळींत छापावी. यांपैकी कशालाही कायदा बदलावा लागत नाही. विभागाने हे युटिलिटीत करावे, खासगी कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये करावे, आणि तोवर करदात्याने रकाना बंद दिसताच आकडा दुसरीकडे ढकलण्याआधी कारण विचारावे.